मैंदर्गीच्या वाटेवरचा द्राक्षमळा

वच्छलाच्या सायकलीची साखळी निसटली ती नेमकी मैंदर्गीच्या अलीकडे, एका द्राक्षमळ्यासमोर. महादेव ती बसवायला खाली वाकला, आणि कुंपणापलीकडून एका तरुणीची खणखणीत कानडी हाक आली—

"एनो महादेवा, यावाग बंदे?"

महादेवनं मान वर केली आणि असा काही मोकळा हसला... लग्न होऊन सहा महिने झाले, पण हे हसू वच्छलाच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

सोलापुरात महादेवच्या गिरणीला सुट्टी होती. भाड्याच्या दोन सायकली घेऊन दोघं त्याच्या कानडी मुलखात भटकायला निघाली होती. नऊवारीतली बाई सायकलीवर बघून गावोगावची माणसं थबकायची. वच्छलाला त्याची मोठी गंमत वाटायची. आता मात्र सगळी गंमत आटली.

हाक मारणारीचं नाव सुंदरम्मा. मळा तिच्या वडलांचा. साखळी बसताच तिनं दोघांना वेलांच्या सावलीत बसवलं, पाटाच्या पाण्यात घड बुचकळून पुढं ठेवले, आणि मग जी कानडी सुरू झाली! माढ्याच्या वच्छलाला त्यातलं अक्षर कळेना. तिला दिसत होते फक्त सुंदरम्माचे टपोरे डोळे. मधेच ती वच्छलाकडे बघत हळूच काहीतरी म्हणाली... आणि महादेवचे कान लाल झाले.

"द्राक्षं ग्वाड हैत न्हवं?" सुंदरम्मानं मोडक्या मराठीत विचारलं.

"लई आंबट हैत," वच्छला म्हणाली. साखरेसारखी होती ती! पदर खोचून ती उठली, सायकलीवर बसली आणि निघालीसुद्धा.

"अगं, थांब की!" महादेवनं मैलभर पाठलाग करून तिला गाठलं. "झालं काय?"

"काय म्हणाली ती?"

"कोण?"

"मळ्यात दुसरी कोण हुती?"

महादेव घुटमळला. "तिच्या वडलांनी मला विचारलं हुतं... लग्नाचं. मी न्हाय म्हणालो."

वच्छलाचे पाय थांबले. ती सायकलीवरून खाली उतरली. "मग करायचं हुतं की! तुमच्या आबांनी मला पसंत केली, म्हणून गळ्यात पडले मी. तुमी तर बघायलाबी आला न्हवता."

"आबांना माढ्याला धाडलं कुणी?"

तिनं चमकून मान वर केली.

"माढ्याच्या बाजारात एक पोरगी कासाराशी भांडत हुती. मनगटात बांगडीची काच शिरलेली, रगत येतंय... आणि ही आपली भाव पाडायला बसलेली! त्या दिवसापास्नं मला दुसरं काय सुचलंच न्हाय. मघाशी सुंदरम्मानं तेच विचारलं, 'हिच्यासाठीच मला नाकारलंस व्हय?'"

"आणि तुमी?"

"व्हय म्हणालो."

ज्वारीच्या रानावरून वारा सळसळत आला. वच्छलानं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "सहा महिने बोलला का न्हाई मग?"

"धीर कुटं हुता?"

आता दोघं सायकली हातात धरून चालू लागली. थोड्या वेळानं ती ठसक्यात म्हणाली, "मला कानडी शिकवा. पुढल्या बारीला तुमी काय बोलता, ते मला कळाय पायजे."

"पयला शब्द कुठला पायजे?"

"'माझा' म्हणायला काय म्हणत्यात?"

"नन्न."

तिनं मागं वळून मळ्याच्या दिशेनं पाहिलं. मग नवऱ्याचं नाव, उखाण्याबाहेर कधीच न घेतलेलं, तिनं लाजत का होईना, पण स्पष्ट उच्चारलं—

"नन्न महादेव."