भिंतीवरचा राब

बायकोनं, सोनालीनं, हॉलसाठी चित्र मागवलं तेव्हा मी तिची भरपूर टिंगल करून घेतली. ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यावर छापलेले चार आडवे पट्टे. वर भुरा, मग काळपट हिरवा, मग पिवळा आणि खाली तांबडा. बस, एवढंच. मी म्हटलं, असे पट्टे आमच्या कंपनीतले रंगारी पाइपांवर रोज मारतात, सांगितलं असतंस तर फुकट आणले असते. ती हसली नाही. भिंत पुसून तिनं चित्र टांगलं. कडावच्या आमच्या साध्या घराला ते शोभत होतं, पण मी तसं कबूल केलं नाही.

मी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. जे मोजता येतं ते खरं, अशी माझी सवय. घरात मात्र मोजता न येणारी एक काळजी होती, ती आईची. बाबा गेल्यापासून ती बोलत नव्हती. दोन घास खायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. डॉक्टर झाले, देवऋषीही झाला. ती अशीच विझत जाणार, असं पाहुणे दबक्या आवाजात म्हणायचे आणि मला ते ऐकवत नव्हतं.

नव्या चित्राकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जितेश, उलटं लावलंय रं. माती वर असते. शेण खाली."

स्वयंपाकघरातून सोनाली धावत आली. मी काही न विचारता चित्र उलटं करून लावलं.

आईनं त्यात राब बघितला होता. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, तो राब. आधी शेण पसरायचं, त्यावर टाहाळ म्हणजे झाडांचा तोडलेला पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यांत वर मातीचा थर. मग पेटवायचं. गुडघे गेल्यावर बाबांनी शेत विकलं. तिथं आता बंगल्यांचे प्लॉट पडलेत, आणि राब हा शब्दही घरात कुणी काढत नव्हतं. आता आई चित्रासमोर चटई टाकून बसायची आणि सांगत राहायची. टाहाळाचा भारा घेऊन बाबा यायचे तेव्हा ते दिसायचेच नाहीत, नुसतं झाड चालत यायचं. धुरानं डोळे चुरचुरले तरी मी घरी जायला तयार नसायचो. ऐकताना करपलेल्या पाल्याचा वास आठवून माझा जीव कासावीस व्हायचा. आई पोटभर जेवायला लागली. त्या पत्र्याचे उपकार मी मनातल्या मनात मानले.

मग पत्र्याची डावी कड काळी पडली.

छपाईतला दोष, दुसरं काय असणार? मी फोटो काढून दुकानदाराला पाठवला. त्यानं कळवलं, यात तर काहीच दिसत नाही. मी पाहिलं, फोटोत पट्टे खरंच स्वच्छ होते. भिंतीवर मात्र काळं रोज थोडं उजवीकडे सरकत होतं. लांबून तापमान मोजायची कंपनीतली गन मी घरी आणली. उजवी बाजू खोलीइतकीच. काळ्याच्या कडेला मात्र असा आकडा आला की मी बॅटरी बदलून पुन्हा मोजलं. पुन्हा तोच. हात लावला, तर पत्रा थंड.

आईला याचं काही नवल वाटलं नाही.

"तुजा बाप वाऱ्याच्या उलट पेटवतो," ती म्हणाली. "सावकाश जळतं मंग. पार आतपर्यंत."

"आणि पुरतं जळल्यावर?"

"मी जाईन ना पेरायला. येकला किती करंल तो?"

बाजारात जाऊन येते म्हणावं, तसं ती म्हणाली. मी चित्र उतरवून माळ्यावर टाकलं.

आईनं ताट बाजूला सारलं. बोलणं पुन्हा बंद झालं. ती रिकाम्या खिळ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. तिला ठेवून घ्यायचं म्हणजे असं ठेवायचं, हे मला सोसेना. शेवटी मीच चित्र खाली आणलं. माळ्यावरही काळं थांबलं नव्हतं. उजवीकडे बोटभर पट्टे उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी केली आणि सगळं फडक्यात बांधलं. दोघांना पुरतील एवढ्या भाकऱ्या होत्या. मी कामावर गेलो नाही. तिच्याजवळ चटईवर बसून राहिलो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पाणी मागितलं.

मी पाणी घेऊन आलो. ती भिंतीला टेकून बसली होती. श्वास नव्हता.

फडकं सुटलेलं होतं. त्यात भाकरीचा कणही नव्हता.

पत्रा सबंध काळा झाला होता.

हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. चित्र काढून टाकू, असं सोनाली म्हणत होती. मी नको म्हटलं. तेरावं झालं आणि काळ्यावर बारीक हिरवं दिसायला लागलं. मला रडू आलं, आणि बरंही वाटलं. रोपं जोमात आहेत. आता भाताची लावणी. रोपांच्या मुठी, म्हणजे जुड्या, बांधावरून आणून द्यायला तिसरं माणूस लागतं, लहानपणी ते काम माझंच होतं.

हल्ली पहिली पाळी करून आलो की दुपारी सोफ्यावर माझा डोळा लागतो. छान झोप लागते.

काल सोनालीनं माझी पँट धुवायला काढली आणि ती हातात घेऊन कितीतरी वेळ मोरीत उभी राहिली. मग मला हाक मारली. पँटच्या दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल होता, ओला. कडावात अजून पावसाचा थेंब पडलेला नाही.