पंचवीस वड्या

शुक्रवारी सकाळी फोन वाजला तेव्हा लतिका मेण वितळवत होती. पलीकडून फौजदार तेजस्विनी आहेर बोलत होत्या.

"साळूबाईंच्या घरी या. तुमच्या दुकानाचा डबा आहे इथं. त्यातल्या लेपानं चक्कर येऊन पाय घसरला असेल का, तेवढं लिहून हवंय."

सोमवारी पहाटे साळूबाईंच्या चपला नि लुगडं घाटाच्या पायरीवर सापडलं होतं. धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलेली. चार दिवस झाले, पात्रात माणसं शोधत होती. नदी काही बोलत नव्हती.

लतिका पंचवटीत माणूस पाहून तेलं नि लेप करून देई. ज्याची कातडी जशी, तसं. महिन्याला पुरेल तेवढंच, तेही ज्याच्या त्याच्या डब्यात. साळूबाई पहिल्यांदा आल्या त्या तेला-मलमांच्या पिशवीभर अर्धवट बाटल्या घेऊन. "समद्या आग करत्यात, बाई. आन् टाकायला जीव होत नाय." त्यांच्या अंगाला भेगा पडत, रक्त येई. लतिकानं त्यांच्यापुरत्या लेपाच्या वड्या केल्या. महिन्याच्या तीस, रोज रात्री एक अंगाला चोळायची.

गेल्या रविवारीच डबा भरून नेताना साळूबाई म्हणाल्या होत्या, "उद्या न् पुढच्या सोमवारी कोर्टात साक्ष हाय माझी. सायकलवाल्याला उडवला तवा गाडी काळूच्या हातात नव्हती. घरचा डायवर हाय म्हून त्यालाच धरला. फुकट सडतंय पोरगं."

"मग कुणाच्या हातात होती, आजी?"

"ते जजासमोरच सांगीन."

पहिली तारीख त्यांच्यावाचून गेली. दुसरी तीन दिवसांवर आली होती.

साळूबाईंच्या ओट्यावर त्यांचा भाचा महेश बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "गाडीचा अपघात झाला तेव्हा मी लासलगावला. मावशी गेली तेव्हा मंडईत. घराला माझा उपयोगच काय!" दारात त्याची बायको आरोही उभी होती, हात ओढणीत गुंडाळून.

आहेर मॅडमनी चपटा डबा उघडला, वडी उचलली आणि नाक मुरडलं.

"कसला वास हा!"

"करंजाचं तेल, आंबेहळद. बोट पिवळं झालं बघा. दोन दिवस जायचं नाही आता."

लतिकानं सवयीनं वड्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"मॅडम, सोमवारच्या पंचनाम्यात या डब्याचा फोटो आहे?"

मॅडमच्या मोबाईलवर तो फोटो सापडला. सहा-सहाच्या पाच रांगा, शेवटच्या रांगेत एक जागा रिकामी. एकोणतीस.

"आता पंचवीस आहेत," लतिका म्हणाली.

ती ओट्याकडं वळली.

"महेशभाऊ, तुम्ही घेतल्या?"

"मला त्या खोलीत पाऊल टाकवत नाही, ताई." त्यानं तळवे पुढे केले. मळकट, कोरडे.

"आरोही?"

"मी कशाला घेऊ? उंदरानं नेल्या असतील."

"मोजून रोज एक?" आहेर मॅडम म्हणाल्या. "लय शिस्तीचा उंदीर आहे तुमच्याकडं."

लतिकानं महेशकडं पाहिलं. "स्वयंपाक कोण करतंय सध्या?"

"कसला स्वयंपाक! सोमवारपासून गॅस पेटला नाही. शेजारून डबा येतो. आरोही तर रोज सकाळी तासभर घाटावर मावशीला शोधते."

"हात दाखव, आरोही."

"काय ताई, हळदीचा हात..." बोलता बोलता ती थांबली. ओढणी सुटली. उजव्या हाताची बोटं पेरापेरापर्यंत पिवळी होती.

"गॅस पेटला नाही, मग हळद कुठली?" लतिकानं विचारलं. "या वड्या मी एका अंगासाठी केल्यात. दुसऱ्या कुणाच्या त्या कामाच्या नाहीत. रोज एक संपतेय, म्हणजे ते अंग आहे. जिवंत आहे. आणि लेप तू लावतेयस. काळूच्या हातात गाडी नव्हती, महेशभाऊ लासलगावला होते. साक्ष कुणाला जड जाणार होती?"

"गाडीत तुम्ही तिघंच होतात. काळू, मावशी..." महेश पुटपुटला, आणि बायकोकडं बघतच राहिला. "तू चालवत होतीस?"

आरोही भिंतीला टेकली. "लायसन नव्हतं माझ्याकडं. काळूकडून हट्टानं चावी घेतली. मावशींना म्हटलं, गप्प राहा. ऐकेनात."

"कुठं आहेत त्या?" आहेर मॅडमनी विचारलं.

"गच्चीवरच्या खोलीत. घाटावर जाते म्हणायची नि मागच्या जिन्यानं वर जायची. झोपेच्या गोळ्या देत होते फक्त. तारीख टळली की सोडणारच होते."

"सोडणार?" लतिका म्हणाली. "लुगडं तर नदीवर ठेवून आलीस. बुडालेली बाई घरात कशी आणणार होतीस?"

आरोहीनं ओढणी पुन्हा बोटांभोवती गुंडाळली. बहुधा तिनं हे स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

"लेप तरी मायेनं लावलास ना?" महेशनं केविलवाणं विचारलं.

"नाही लावला की कण्हायच्या. आवाज खाली यायचा."

महेशनं जिना धावत चढून खांद्यानं कुलूप तोडलं. कोंदट अंधारात पोत्यावर साळूबाई पडल्या होत्या, पाखरासारख्या हलक्या. लतिकानं मांडीवर डोकं घेतलं, ओठांना पाणी लावलं. किती तरी वेळानं पापण्या हलल्या.

"काळू सुटला का, बाई?"

"नाही आजी. सोमवारी तारीख आहे."

म्हातारीनं लतिकाचं मनगट पकडलं. पकड भलतीच घट्ट होती.

"मंग मला उभी कर."