चित्र जरा मागे राहील

टीव्ही दुरुस्त करणारा दुपारी आला आणि अर्ध्या तासात काम उरकून मोकळा झाला. चित्र पाठवणारी एक डबी आईच्या खाटेच्या पायथ्याशी, छोट्या कॅमेऱ्याजवळ; ते पकडणारी दुसरी स्वयंपाकघरातल्या टीव्हीच्या पडद्यामागे. मधे वायर नाही, भिंतीला भोक नाही. आईची खोली आता ओट्यापाशी दिसणार होती, ऐकूही येणार होती.

"चित्र जरा मागे राहील, ताई," तो जाताना म्हणाला. "हवेतून यायचं, तर क्षणभर लागायचाच."

क्षणभराचं तिला काही नव्हतं. वडील गेले तेव्हा ती इथेच भांडी घासत होती. दहा पावलांवर माणूस संपला आणि नळाच्या आवाजात तिला पत्ताही लागला नाही. ते शल्य आठ वर्षं तिच्या काळजात रुतून बसलं होतं. आईच्या वेळी तरी आपण जवळ असायचं, एवढाच तिचा हट्ट होता. आईने मात्र चेष्टा केली, की मरण काय डबीला सांगून येतं होय.

तिसऱ्या दिवशी आई पडद्यावर खोकली. मग तोच खोकला भिंतीपलीकडून आला.

तिने नळ बंद करून वाट पाहिली. पुन्हा तसंच. चित्र मागे नव्हतंच, पुढे होतं. तिने दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो हसला आणि जरा झोप घ्या म्हणाला.

आठवड्याभरात अंतर मिनिटांवर गेलं. एकदा पडद्यावर पाण्याचा पेला लवंडलेला दिसला. ती धावत गेली, पेला सुरक्षित ठेवायला उचलू लागली आणि तिच्याच हाताचा धक्का लागून तो लवंडला. तिला भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण दिलासा त्याहून मोठा होता. या वेळी आपल्याला आधी कळणार होतं. तिने डबी काढली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

मग एका सकाळी आई पडद्यावर बसलेली दिसली. खाटेवर नाही, शेजारच्या खुर्चीत. वर्षभर जिला कूस बदलता येत नव्हती, ती ताठ बसून खाटेवरच्या कुणाचा तरी हात कुरवाळत होती. त्या माणसाचा चेहरा चादरीखाली झाकलेला होता.

"मी आहे ना जवळ..." आई हळूच म्हणत होती. "एकटं नाही सोडलं तुला..."

त्या हातात बांगडी होती, तिच्या स्वतःच्या हातातलीच. कोपरापर्यंत कातडी भाजून सोलवटली होती.

तिने आपला हात उजेडात धरून पाहिला. बांगडी होती. कातडी स्वच्छ होती, साबणाने ओली. पडद्यावरची नजर न काढता ती मागे सरकत गेली, पाठ ओट्यावरच्या पेटत्या शेगडीला टेकेपर्यंत.

कापड जळाल्याचा वास आला. आणि भिंतीपलीकडे कुणीतरी खुर्ची ओढून घेतली.