कोपराच्या खळगीतलं अत्तर

अत्तर तपासायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे मी गोटीच्या बाबाला तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, "म्हणजे वास घ्यायचा." तसं ते आहेच. पण ठरलेल्या वेळी घ्यायचा आणि लिहून ठेवायचा. आधी बिनवासाच्या साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. काचेच्या काडीने एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचा, चोळायचा नाही. मग पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या आधी नाक लावायचं. वहीत रकाने आखलेले असतात.

गोटी व्हायच्या आधीपासून मी हे करते. घरच्या घरी तेलातली अत्तरं बनवणारी एक बाई आहे, दुसऱ्या गावात राहते. आमची ओळख सगळी फोनवरची. मी तिला अत्तरवाली म्हणते, ती मला नाकवाली. दुकानातली अत्तरं सगळ्यांच्या अंगावर साधारण सारखीच बसतात, तिची मात्र प्रत्येकीच्या अंगावर वेगळी. म्हणून तिला निरनिराळ्या कातडीच्या बायका लागतात. माझी कातडी खादाड आहे, असं तिचं मत. काहीही लावा, तीन तासांत गिळून मोकळी.

गोटी चार महिन्यांची झाली तरी मी हे सोडलं नव्हतं. ती वीस मिनिटं झोपायची, तेवढ्यात पाच ओळी लिहून व्हायच्या. दिवसभरात माझ्या हातून पूर्ण होणारं तेवढं एकच काम होतं.

कारण गोटी पीत नव्हती. जन्मल्यापासूनच नीट पीत नव्हती. दोन मिनिटं ओढायची, मग मान फिरवून असं रडायची, जणू मी तिला चिमटा काढला. बाटली झाली, वाटी-चमचा झाला, बाटलीची तीन प्रकारची निपलं झाली. डॉक्टरांनी जीभ पाहिली, टाळू पाहिली, सगळं व्यवस्थित होतं. वजन करणारी सिस्टर दर गुरुवारी तक्त्यावर पेन्सिलीने टिंब द्यायची. टिंबं जोडली की जिन्यासारखी रेघ चढायला हवी. आमची अंथरुणासारखी सपाट पडलेली. मागच्या गुरुवारी डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं होतं, या आठवड्यात वाढलं नाही तर भरती करू, नाकातून नळी घालू. मी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत गोटीच्या नाकाकडे बघत राहिले. वाटाण्याएवढं नाक.

सोमवारी अत्तरवालीचं पाकीट आलं. बोटाच्या पेराएवढ्या कुप्या, प्रत्येकीवर आकडा, आत काय आहे ते कधीच लिहिलेलं नसतं, म्हणजे नाव वाचून नाक फसत नाही. मी कुप्या मोजल्या नाहीत. उजव्या मनगटावर एक नंबर लावला, डाव्या मनगटावर दोन. सात नंबरचं तेल इतरांपेक्षा पातळ दिसत होतं म्हणून तेही त्याच दिवशी उरकावं असं वाटलं, पण मनगटं संपली होती. अंगावर पाजणाऱ्या बाईने कोपराच्या वर काहीही लावायचं नाही, बाळाचं डोकं असतं तिथे, हे अत्तरवालीने मला बजावलं होतं. मी डाव्या कोपराच्या आतल्या खळगीत थेंब टेकवला. खळगी म्हणजे काही वर नव्हे, असं मीच माझं ठरवलं.

वहीत आहे: पाच मिनिटं, काही नाही. अर्धा तास, काही नाही, नुसतं तेल. दोन तास, फार पुसट. उन्हातला रस्ता, तापलेली धूळ. चार तास, त्यापेक्षा स्पष्ट; उन्हात वाळलेलं सुती कापड.

चार तासांच्या रकान्याशी मी थोडी थांबले. अत्तर कुठलंही असो, लावल्या क्षणापासून ते दूर जायला लागतं. कुणी हळू जातं, कुणी धावत. हे जवळ येत होतं.

तेवढ्यात गोटी उठली. मी तिला डाव्या बाजूला घेतलं. तिचं डोकं खळगीत टेकलं, नाक माझ्या दंडाकडे वळलं, ती क्षणभर निश्चल झाली. आणि मग प्यायला लागली. मध्ये न सोडता, गुटगुट आवाज करत, एका हाताची मूठ उघडून. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अठरा मिनिटं. ती झोपून गेल्यावर मी तिथेच बसून रडले, नाक न पुसता, कारण हात मोकळा नव्हता.

गोटीचा बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि दुपारी जेवायला घरी येतो. त्याला बारा महिने सर्दी. दूध करपून काळं झालं तरी कळत नाही. मंगळवारी आत आला, चपला काढता काढता म्हणाला, "कोण आलं होतं?" कुणी नाही, मी म्हटलं. त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग पाण्याचा पेला भरून घेतला. नंतर जेवताना त्याने माझी चेष्टा केली, मनगटावर पानभर निबंध लिहितेस आणि सामानाच्या यादीत मीठ विसरतेस. मी हसले. आमच्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं होतं.

गुरुवारी वजन दोनशे ग्रॅमने वाढलं. सिस्टरने टिंब दिलं आणि पेन्सिल कानामागे खोचत म्हणाली, आली बाई रुळावर. नळीचं नाव कुणी काढलं नाही.

मी बाकीच्या कुप्या कपाटात ठेवून दिल्या. रोज सकाळी हात धुवायचे आणि सात नंबरचा एक थेंब खळगीत. दुसरी कुणी असती तर तिने कदाचित लिहिणंही सोडलं असतं, पण माझी सवय सुटत नाही. तिसऱ्या दिवशी: जिन्यातला गारवा, धुतलेले केस, अजून ओलसर. चौथ्या दिवशी: इस्त्रीचं कापड, खाली घाम. पाचव्या दिवशी मी लिहिलं, मान. कानामागची मान, ऊबदार, किंचित आंबूस, दूध सांडून सुकल्यासारखी. बाळ खांद्यावर घेणाऱ्या बाईच्या मानेला वास येतो तसा.

माझ्या मानेचा वास मला माहीत आहे. हा माझा नव्हता.

मग मला आणखी एक दिसलं, जे बहुधा पहिल्या दिवसापासून होतं. पिताना बाळं आईच्या तोंडाकडे बघतात. गोटी माझ्या डाव्या खांद्याच्या थोडं वर बघायची. भिंतीकडे नाही, भिंत लांब होती. मध्येच, जिथे कुणी वाकून उभं असतं तर त्याचा चेहरा आला असता, तिथे. पुढच्या आठवड्यात बुधवारी ती पहिल्यांदा खळखळून हसली. तिथे बघून.

मी बाथरूममध्ये जाऊन कोपर घासून धुतलं, दोनदा. संध्याकाळी तिला घेतलं तर तिने मान फिरवली आणि रडायला लागली, ते जुनं, चिमटा काढल्यासारखं रडणं. सात वाजेपर्यंत मी तिला घेऊन घरभर फिरले. मग कपाट उघडलं आणि थेंब लावला. दोन मिनिटांत ती शांत झाली. यावेळी थांबावंही लागलं नाही. ना रस्ता, ना जिना. सरळ मान.

कुपीत आता तळाशी काडीला लागेल एवढंच उरलं होतं. मी अत्तरवालीला फोन केला, सात नंबर आणखी थोडं पाठव म्हणून.

"सात?" ती म्हणाली. "मी सहाच पाठवल्या होत्या गं."

मी तिला कुपीचं वर्णन करून सांगितलं. आकडा तिच्यासारखाच निळ्या शाईत होता. तिने वास विचारला तेव्हा मी वहीतली पानं क्रमाने वाचून दाखवली. एरवी ती मध्ये मध्ये हुं हुं करते. मानेपर्यंत आले तरी तिकडून आवाज नव्हता.

"लावू नकोस ते," ती शेवटी म्हणाली. "धुऊन टाक."

"धुतलं की ती पीत नाही."

तिने हळू आवाजात विचारलं, "तुझ्या अंगावर बसतंय ना ते? की नुसतं तुझ्या अंगावरून आत..." आणि वाक्य तिथेच सोडलं. कुपी परत पाठव, एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं.

पाठवली नाही. गुरुवारी सकाळी काडी फिरवून फिरवून शेवटचा थेंब काढला. त्या दिवशीही वजन वाढलेलं होतं.

शुक्रवारी खळगीला कसलाच वास नव्हता. नुसती कातडी, माझी, खादाड.

गोटीने मान फिरवली. सकाळी, अकरा वाजता, दुपारी, चारला. बाटली ढकलली. वाटीतलं दूध ओठांवरून खाली ओघळलं. पण ती रडली नाही. मला तेच जास्त लागलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी आपण उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्याकडे बघतो. मी तिला पाळण्यात ठेवलं आणि बाहेर येऊन दवाखान्याचा नंबर शोधू लागले. दहा मिनिटांनी आत गेले तर झोपलेली.

शनिवारी दवाखाना उघडायच्या आधी मी दारात उभी होते. काल सकाळपासून पोटात काही नाही, मी सिस्टरला म्हटलं. तिने गोटीला काट्यावर ठेवलं, आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, पुन्हा उचलून पुन्हा ठेवलं.

"नव्वद ग्रॅम वाढलंय," ती म्हणाली.

मी काट्याकडे बघत राहिले.

सिस्टरने लंगोट उघडला. ओला, जड. तिने पोटावर दोन बोटं वाजवली. मग कापसाने गोटीची हनुवटी पुसली. कापूस ओला झाला, पांढरट.

"पोट टम्म आहे हिचं. पाजून लगेच आणत जाऊ नका, ओकेल." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा स्वर मऊ झाला. "अहो, पहिलटकरणीला वाटतंच असं. जसं पाजताय तसंच पाजत राहा."

मी गोटीला टोपी घातली आणि घरी आणलं.

याला आता अकरा दिवस झाले. मी आतल्या खोलीत असले तर ती पीत नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. म्हणून वेळ झाली की तिला पाळण्यात ठेवते, चार बोटांची फट ठेवून दार ओढते आणि बाहेर टेबलाशी येऊन बसते. थोड्या वेळाने गुटगुट ऐकू येतं. पहिले दोन दिवस मी धावत जाऊन दार उघडलं. आत गोटी एकटी असायची, ओठ अजून हलत असायचे, आणि मला बघून तिचं तोंड वाकडं व्हायचं. भुकेलं मूल तसंच सोडून मी तिथे किती वेळ उभी राहणार? मी बाहेर आले. ती पुन्हा प्यायला लागली.

तक्त्यावरची रेघ जिन्यासारखी चढते आहे. गोटीचा बाबा खूश आहे, म्हणतो तुझं दूध आता मानवलं तिला. माझं दूध आटून आठवडा झाला. त्याला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो दार उघडं ठेवेल.

आणि मला लिहायला वेळ मिळतो. पूर्वी वीस मिनिटं चोरावी लागायची, आता पाऊण पाऊण तास मिळतो. हे सगळं अशाच तीन दुपारींत लिहिलं.

आत्ता दोन वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. बाहेर लख्ख ऊन आहे, कुणीतरी गाडी धुतंय. गुटगुट थांबलं.

आता पाठीवर थोपटल्याचा आवाज येतोय. मी गोटीला खांद्यावर घेऊन भराभरा थोपटायचे. हे सावकाश आहे, दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. माझ्यापेक्षा बरं जमतंय.

ढेकर आली.

मी उठले नाही.

चार बोटांची फट आता तीन बोटांची झाली आहे. दार पुढे सरकतंय, अगदी हळू, मध्ये बोट धरून बिजागरी वाजू न देता, बाळ नुकतं झोपलं की लावतात तसं.