क्नाउटबाईंच्या छतावरची पावलं

लाइपझिगच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा गेबलर त्या रविवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावर निघाला, तो हातात आलुबुखारचा केक घेऊन. दिसायला केक, खरं तर तो आपलं घर वाचवायला निघाला होता.

खालच्या क्नाउटबाईंची तक्रार अशी, की रविवारच्या शांततेत, जेव्हा भला माणूस भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही, तेव्हा हा गृहस्थ वर बूट घालून येरझाऱ्या घालतो. घरमालकाने शेवटची ताकीद दिली होती. आणखी एक तक्रार आली की घर सोडा. आणि घर गेलं की लेकीची खोली गेली. बायकोपासून वेगळं झाल्यावर त्या खोलीच्या बळावरच तर पोर एकाआड एक शनिवार-रविवार त्याच्याकडे राहायला येत होती.

गेबलर मग असा काही पेटला की विचारू नका. आवाज मोजायचं यंत्र आणलं आणि घरभर त्याला बाळासारखं कडेवर घेऊन हिंडला. फ्रिज मोजला, किटली मोजली, स्वतःचं घोरणं मोजलं आणि दोन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही. आकडा दहा डेसिबलने उतरला की कानाला आवाज निम्मा वाटतो, हे कळल्यावर तर त्याला दहा-दहाची चटकच लागली. वॉशिंग मशीनखाली रबर, खुर्च्यांच्या पायांना मोजे, दाराच्या फटींना पट्ट्या. पावलांचा आवाज हवेतून नाही, लाकडातून खाली उतरतो, म्हणून सगळ्या घरात जाडजूड लोकरी गालिचा अंथरला. शेवटी घर इतकं गप्प झालं की यंत्र अठ्ठावीसच्या वर हलेना. त्याने आनंदाने गिरकी घेतली, तीही अठ्ठावीसमध्येच.

आणि तरी काल जिन्यात क्नाउटबाई म्हणाल्याच, "अहो गेबलर, बूट नवीन घेतलेत वाटतं? जुने बरे होते."

म्हणून आज केक.

बाहेर नोव्हेंबरचं धुकं खिडकीला नाक लावून बसलं होतं. चार वाजले नव्हते तोच अंधारलं. बाईंनी दिवा लावला, कॉफी ओतली आणि आपल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसल्या.

"केक तुम्ही केलात? की बेकरीतल्या बाईला गोड बोललात?"

"मीच केला. मिक्सर न लावता, हाताने घोटून!"

"तरीच गाठी आहेत," बाई म्हणाल्या आणि दुसरा तुकडा घेतला.

तेवढ्यात वर... टक्.

मग टक्... टक्... टक्. टाच आणि चवडा, टाच आणि चवडा. खिडकीपासून दारापर्यंत.

दोघांनी रिकाम्या छताकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. आणि गेबलर खुर्चीवरून असा उसळला की कॉफी बशीत आली.

"मी इथे आहे! बघा! तुमच्यासमोर! तोंडात केक!"

"अगं बाई, खरंच की हो!"

"घराला कुलूप! किल्ली ही!" त्याने खिशातून यंत्र काढून उंच धरलं. "एक्केचाळीस! क्नाउटबाई, एक्केचाळीस! हे बूट उघड्या लाकडावर वाजतायत. माझ्या गालिच्यावर घोडा नाचला तरी असा आवाज निघायचा नाही!"

"मग मी गरीब माणसाला उगाच छळलं!" बाईंचे गाल लाल झाले. "उद्या सकाळीच मालकाला फोन करते. तक्रार रद्द. तुमचं घर पक्कं, समजा!"

गेबलरने बाईंच्या हाताचा चक्क मुका घेतला. कोण चालतंय, हा प्रश्न दोघांना पडला तो त्यानंतर.

"चोर असेल," बाई कुजबुजल्या.

"चोरच हवा! पकडतो आणि मालकापुढे उभा करतो. तुम्ही फोन कानाला लावून बसा, तो कुठे जातो ते मला सांगत राहा."

दोन-दोन पायऱ्या गाळत तो वर गेला. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं तर ओल्या चुन्याचा वास आला. त्याने दिवा लावला. खोली रिकामी. यंत्र अठ्ठावीसवर.

"खिडकीजवळ आहे," फोनवर बाईंचा श्वास फुलला होता. "आता वळला... टक्, टक्... ऐकू येतंय का?"

"नाही..."

ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. खिडकीजवळ गालिचा वर उचलला गेला. फुगवटा. टाच, मग चवडा, मग पाच बोटं. बूट नव्हतेच. तो विरला, आणि वीतभर पुढे दुसरा उठला. पाऊल वरून उमटत नव्हतं. खालून उमटत होतं.

गेबलरला क्षणभर हसूच आलं. म्हणजे माझ्या घरात कुणी नाहीच! हा जमिनीच्या खालच्या बाजूने चालतोय, तळवे वर करून! मग हिशेब पुढे सरकला. तळवे इथे असतील... तर बाकीचा तो...

"क्नाउटबाई," तो कुजबुजला. "खोलीतून बाहेर या."

"कशाला? आता तर थांबलाय. अगदी माझ्या खुर्चीच्या वर."

गालिच्यावर दोन फुगवटे शेजारी शेजारी उभे होते.

"बाई... उठा. वर बघू नका. नुसत्या उठा..."

"इतकी वर्षं ही जागा सोडली नाही, आता कशाला सोडू? रोज याच वेळी इथे डोक्यावर कशी छान गार झुळूक येते..."

त्याच्या डोळ्यांदेखत टाचांचे फुगवटे हळूहळू बसले. उरली ती फक्त बोटं, ताणलेली. कुणाच्या तरी जवळ पोचायचं असलं, आणि थोडंसंच कमी पडत असलं, की माणूस चवड्यांवर उभा राहतो, तशी.

फोनवर कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. मग क्नाउटबाई हळूच, पोरीसारख्या लाजून हसल्या.

"इश्श... कोण ते? किती गार बोटं तुमची..."