चौथी मात्रा

आईने सांगितलं म्हणून छोटी त्या दुपारी बँडच्या हॉलवर गेली. काम साधंच होतं, मामांचा ट्रम्पेट घरी आणायचा. मामा जाऊन दोन महिने होत आले, तरी ट्रम्पेटची कुलूपबंद पेटी स्टेजवर त्यांच्या खुर्चीतच पडून होती. "माझ्या भावाची एवढी एक वस्तू घरात राहू दे गं," आई म्हणाली आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

छोटी म्हणजे काही पोर नव्हे बरं का. केस पिकायला लागलेली, चष्मा लावणारी बाई ती. पण ऐन विशीत मामांच्या जॅझ बँडमध्ये पियानोवर बसली तेव्हा सगळे छोटी म्हणाले, ते चिकटलं ते चिकटलंच. बँडमध्ये तिच्या शब्दाला किंमतही तेवढीच छोटी.

हॉल रिकामा होता. जुन्या पडद्यांचा कोंदट वास, आणि त्यात मिसळलेला, मामा ट्रम्पेट घासायचे त्या पितळेच्या पॉलिशचा. छोटी स्टेजवर चढली, पेटीकडे हात नेला आणि थबकली. खुर्चीच्या उजव्या बाजूला फळी ओली होती.

आता ट्रम्पेटवाल्यांची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. फुंकून फुंकून श्वासाची वाफ नळीत साठते, तिचं पाणी होतं. वाजवणारा मध्येच एक बारीक चाप दाबून ते खाली सोडतो. मामा कायम उजवीकडे सोडायचे, आणि झाडणारी बाई त्यावरून त्यांना रोज फैलावर घ्यायची. पण वाजवल्याशिवाय पाणी येणार कुठून? छोटीने वर छताकडे पाहिलं. बाहेर तर कडकडीत ऊन पडलेलं.

'असेल काहीतरी,' असं म्हणत ती पियानोवर बसली. आलोच आहोत तर शनिवारच्या कार्यक्रमातल्या चालीवर एकदा हात फिरवून बघावा. तिने बोटं पट्ट्यांवर ठेवली.

"एक… दोन… तीन…"

आवाज पाठीमागून आला. खर्जातला, जरासा चिडका. छोटीची बोटं सवयीने चौथ्या आकड्याची वाट बघत तशीच राहिली. चौथा आलाच नाही. फक्त पॉलिशचा वास वाढत गेला, अगदी मानेपाशी आला. ती उठली ती पेटी न घेताच, मागे वळून न बघता बाहेर पडली.

तो आवाज कुणाचा, हे तिला काय विचारायचं! मामा मोठे, यात वाद नाही. जहाजांवर प्रवाशांपुढे वाजवत सुरुवात केली, मग स्वतःचा बँड उभा केला, हॉल भरभरून लोक नाचवले, रेकॉर्डी काढल्या. सगळं शहर त्यांना 'कॅप्टन' म्हणायचं. त्यांची सगळ्यात गाजलेली चाल 'गच्ची'. आणि खरं सांगायचं तर ती त्यांची नव्हतीच. छोटीने गच्चीवर कपडे वाळत घालताना ती गुणगुणत बांधली होती, वाऱ्यावर चादर हलते तशी, तीनच्या ठेक्यात. मामांनी ऐकली आणि म्हणाले, "वेडी का काय? माणसाला पाय दोन असतात. तीनवर नाचणार कोण?" त्यांनी ती चारच्या ठेक्यात बसवली आणि खाली आपलं नाव घातलं. "बँड माझा, म्हणजे चालही माझी." छोटीने मूग गिळले. डोक्यावरचं छप्परही मामांचंच होतं ना!

आणि मामा गेले तेही त्याच चालीच्या तोंडावर. हात वर केला, "एक, दोन, तीन" मोजलं, आणि खुर्चीतच कोसळले.

दुसऱ्या दिवशी तालीम झाली. बाकीच्या चाली झकास वाजल्या. मग छोटी म्हणाली, "आता 'गच्ची'. आणि शनिवारी मी लोकांना सांगणार आहे, ही चाल माझी आहे."

ड्रमवाल्या काकांनी काठ्या उचलल्या. बँडमध्ये सगळ्यात जुने ते, सत्य ठाऊक असलेले एकटेच.

"एक… दोन… तीन…"

काकांचे ओठ मिटलेलेच होते. सगळे चौथ्या आकड्यासाठी अडून राहिले. सॅक्सोफोनवाल्या लांबूने गाल फुगवले, तरी कुणाकडून सूर फुटेना. असं तीनदा झालं. चौथ्यांदा लांबू खुर्ची मागे सारून सरळ चालता झाला.

"ऐकलंस ना?…" काका हळूच म्हणाले. "तेवढी एक सोडून दे, छोटी. बाकीच्या वाजवू."

"का म्हणून सोडू? जिवंतपणी घेतली, तेव्हा मी गप्प बसले. आता मेल्यावरही त्यांचीच?"

"अगं, भांडणार कशी तू त्यांच्याशी?… दिसतायत तरी का?"

घरी आईने तर तोंडाचा पट्टाच सोडला. "मेलेल्या माणसाची अब्रू काढतेस? पोटच्या पोरीसारखं वाढवलं त्याने तुला!"

"वाढवलं. मी कुठे नाही म्हणते? पण चाल माझी आहे, आई. मला ती हवीय."

आई आत निघून गेली. छोटी भांडी घासायला बसली, रागाने, खडाखडा. घासता घासता तिचा हात थांबला. मामा पुन्हा पुन्हा येतात ते चौथ्यासाठी अडून. तो त्यांच्या तोंडून निघत नाही, आणि आपण सगळे खुळ्यासारखे त्याची वाट बघत बसतो. पण आपल्या चालीला चौथा लागतोच कशाला? छोटी एकटीच मोठ्याने हसली. मग तिने काकांना फोन लावून बेत समजावला आणि शनिवारी लांबूला ओढून आणायला सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला. मामांची खुर्ची जागेवर, पेटी खुर्चीवर, किल्ली छोटीच्या पर्समध्ये. आई पहिल्या रांगेत तोंड फिरवून बसलेली. छोटी माइकपाशी गेली. तिने चष्मा सारखा केला.

"'गच्ची' तुम्ही कॅप्टनची म्हणून ऐकत आलात. ती मी बांधली आहे. आज माझ्या पद्धतीने वाजेल."

हॉलमध्ये कुजबुज उठली. दिवे जरासे मंद झाले. वायरमनने सगळ्यांसमोर दोन्ही हात वर करून दाखवले, मी नाही म्हणून. छोटी पियानोवर बसली. पॉलिशचा वास आला, इतका की डोळे चुरचुरले.

"एक… दोन… तीन…"

आणि तिसऱ्यावर तिने धाडकन सूर टाकला! चौथ्याला जागाच ठेवली नाही. पुन्हा 'एक' आला, त्यामागोमाग काका आले, लांबू घामाघूम होत घुसला. आवाज चिडला, पाठीशी मोजतच राहिला, एक दोन तीन, एक दोन तीन, भराभर, तिला चुकवायला. छोटी दात आवळून वाजवत होती. "मोजा! हवं तेवढं मोजा!" ती ओरडली. समोर लोक उठले. दोन पायांची माणसं तीनच्या ठेक्यावर मजेत नाचत होती. आवाज विरत गेला, आणि चाल संपेपर्यंत उरला नाही. टाळ्या थांबता थांबेनात. आईचे डोळे भरले होते, पण टाळ्या तीही वाजवत होती.

लोक गेले. काकांनी ड्रमवर कापड टाकलं, आईला दारापर्यंत घेऊन गेले. छोटीने ट्रम्पेट काढून बघावा म्हणून कुलूप उघडलं. पितळ हाताला कोमट लागलं. तिने चाप दाबला. नळीतून पाणी निघालं, बराच वेळ टपटपत राहिलं.

तिने तो पुसला, पेटीत ठेवला, कुलूप घातलं. मग पियानोचं झाकण लावायला वळली. तिच्या स्टुलाच्या उजव्या बाजूला, अगदी खेटून, फळी ओली होती.

 छोटीने स्टूल हलवलं नाही. त्या ओलीतच पाय रोवून ती बसली.

"वाजवायचं तर वाजवा, मामा. पण नाव माझं. आणि तीनच मोजायचे."

तिने पियानोचं झाकण लावलं. मग कुलूपबंद पेटीतून, फुंकण्याआधी छातीत भरून घेतात तसा एक लांब श्वास ऐकू आला. आणि तिच्या कानाशी कुणीतरी म्हणालं,

"चार."