चार पिंपांची राखण

ओरेस्ते बार्सोत्तीचं डोकं फुटलं होतं आणि रँचवरच्या लोकांना दोर मिळाला होता. दुसऱ्याच्या गळ्यात दोर अडकवायचा म्हटलं की सोनोमाच्या खोऱ्यात माणसांची कमी पडत नाही.

शेरीफ पेद्रोनी घोड्यावरून उतरला, तेव्हा द्राक्षतोडणीवाल्या एलिसेओला ओकच्या झाडाखाली उभं केलं होतं. त्याचे पुढचे दात पाडले होते आणि फास गळ्यात होता.

"मी कोठार बघून येईपर्यंत जो दोर ओढेल त्याला गोळी घालीन," शेरीफ म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून लोक थांबले.

कोठारात आंबणाऱ्या द्राक्षांची चार उघडी पिंपं होती. त्यांच्यामध्ये ओरेस्ते उताणा पडला होता. रविवारचा सदरा, बाह्या पांढऱ्याशुभ्र. कपाळ आत गेलेलं. वाळलेल्या रक्तावर द्राक्षाची सालं चिकटली होती. भिंतीशी पिंपांतली द्राक्षं दाबायचा लांब दांड्याचा दट्ट्या टेकवलेला होता, धुतलेला. त्याच्या लाकडाच्या फटीत मात्र केस अडकले होते.

शेरीफने एका पिंपात हात घातला. वर तरंगणारा सालांचा थर ओला, मऊ लागला. चारही पिंपांत तेच.

ओरेस्तेचा धाकटा भाऊ फेदेले दारात उभा होता. आजोबांनी लावलेल्या वेलींची वाइन तोच करायचा.

"प्रेत कुणाला सापडलं?"

"मलाच. चर्चमधून आलो तर हा असा."

"सकाळी पिंपांना हात लावलास?"

"काल संध्याकाळपासून हा सापडेपर्यंत इथे पाऊल टाकलं नव्हतं. काल ओरेस्तेने त्या एलिसेओच्या सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. आणखी काय पुरावा हवाय तुला?"

"थर ओरेस्ते दाबायचा का कधी?"

"तो? त्याला वासानेच मळमळायचं. उद्या वेली उपटून आलुबुखार लावणार होता."

शेरीफने सगळ्यांना आत बोलावलं. एलिसेओ फासासकटच आला.

"माझा बापही वाइन करायचा," शेरीफ म्हणाला. "रात्रभर दाबला नाही तर हा थर वर येतो, वाळतो, तडकतो. हा ओला आहे, म्हणजे आज सकाळी कुणीतरी दाबलाय. ओरेस्तेने नाही, त्याच्या बाह्या बघा. शिवाय सालं रक्तावर उडालीत. आधी खून, मग थर दाबणं. एलिसेओ असता तर पळाला असता. प्रेताशेजारी उभं राहून चार पिंपं कोण दाबत बसेल, फेदेले?"

फेदेले पिंपांकडे बघत होता.

"दाबलं नसतं तर व्हिनेगर झालं असतं," तो म्हणाला. "आजोबांच्या वेलींची शेवटची वाइन. किती विनवलं त्याला. हसला तो."

"आणि दोर?"

"मीच दिला."

एलिसेओने फास काढून फेदेलेच्या पायाशी टाकला आणि रक्त थुंकला.

शेरीफने बेड्या काढल्या. "मारलंस ज्या दट्ट्याने, दाबलंस त्यानेच. चारही पिंपांत तुझ्या भावाचं रक्त आहे. आज सगळं ओतून द्यावं लागेल."

भावाच्या प्रेतापाशी फेदेलेच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता त्याने पिंपाला मिठी मारली आणि हंबरडा फोडला.